हृदयरोगी बाईला आधार कोणाचा?

लंडनचे डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये एक निबंध वाचला. चालताना, विशेषतः चढ चढताना किंवा जेवण झाल्यावर चालताना, छातीत आवळल्यासारखे दुखते आणि थांबले की दुखणे जाते, अशा रुग्णांचे त्यांनी त्यात वर्णन केले. या दुखण्याला त्यांनी अँजायना पेक्टोरिस हे नाव दिले. मराठीत आपण त्याला हृदयशूल म्हणतो. नोंदी ठेवण्यात हेबर्डन मोठे चोख होते. त्यांच्या मृत्यूनंतर १८०२ साली निघालेल्या ग्रंथात या दुखण्याच्या सुमारे १०० रुग्णांचा उल्लेख आहे. त्यांत बायका होत्या ३, आणि एक होता १२ वर्षांचा मुलगा.

शंभरात तीन. या आकड्याचे काय करायचे? हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या अरुंद होण्याचा विकार बायकांना पुरुषांपेक्षा साधारण ७ ते १० वर्षे उशिरा गाठतो, हे आज आपल्याला माहीत आहे. बाळंतपणात आणि साथीच्या तापांत बायका दगावत अशा त्या काळात कितीजणी त्या वयापर्यंत पोचत असतील? आणि पोचल्या तरी छातीत दुखते म्हणून हेबर्डनसारख्या नामांकित डॉक्टरकडे त्यांना कोण घेऊन जात असेल? आकडा खोटा नाही. तो त्या दवाखान्याच्या दारातून जेवढी माणसे आत आली तेवढ्यांचा आहे. पुढे मात्र दीर्घकाळ तो रोगाचाच स्वभाव म्हणून वाचला गेला.

मनातल्या खळबळीचा हृदयावर परिणाम होतो, हे तेव्हाही ठाऊक होते. रक्ताभिसरण सिद्ध करणाऱ्या हार्वी यांनी १६२८ सालीच तसे लिहून ठेवले होते. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे शल्यविशारद जॉन हंटर. त्यांना हृदयशूल होता आणि राग आला की तो उसळे. आपला जीव कोणत्याही वात्रट माणसाच्या हाती आहे, त्याने डिवचायचाच अवकाश, असे ते म्हणत, असे सांगतात. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या बैठकीत त्यांना कोणी विरोध केला, ते संतापून खोलीबाहेर पडले आणि तिथेच गेले. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या रोहिण्या कडक झालेल्या आढळल्या. देवीच्या लशीमुळे आपल्या पाठ्यपुस्तकांतून ओळखीचे झालेले एडवर्ड जेन्नर हे हंटर यांचे शिष्य. हृदयशूलाचे मूळ या रोहिण्यांत असावे अशी शंका त्यांना आधीच आली होती. पण गुरूंना धक्का बसेल म्हणून ती त्यांनी जाहीर केली नाही. रुग्णाच्या मनावर ताण येऊ नये म्हणून मौन पाळण्याचे हे एक जुने उदाहरण म्हणायला हरकत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम ऑस्लर हे इंग्रजी जगातले सर्वांत मान्यवर डॉक्टर होते. १९१० साली हृदयशूलावर दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी या रोगाच्या ठराविक रुग्णाचे चित्र रेखाटले. तो नाजूक किंवा चिंतातुर माणूस नसतो, तर धडधाकट, महत्त्वाकांक्षी, ज्याचे इंजिन सतत पूर्ण वेगाने चाललेले असते असा पुरुष असतो, हे त्या चित्राचे सार. बायकांच्या छातीत दुखत नसे असे नाही. पण त्या काळच्या वैद्यकीय पुस्तकांत ‘खोटा हृदयशूल’ असे एक निदान असे, आणि तो मुख्यतः बायकांना होतो असे लिहिलेले असे. म्हणजे ताणाने पुरुषाचे हृदय बिघडे आणि बाईचे फक्त मन!

ताण शरीरात नेमका काय करतो हे प्रयोगाने दाखवायला सुरुवात केली ती अमेरिकेतल्या हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी. भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर ठेवलेल्या मांजराच्या रक्तात अधिवृक्क ग्रंथींचा स्राव उतरतो, असे त्यांना आढळले. १९१५ साली त्यांचे या विषयावरचे पुस्तक निघाले. अ‍ॅड्रिनॅलिनमुळे हृदय जोरात धडधडते, रक्तदाब वाढतो, रक्तात साखर सोडली जाते, रक्त लवकर गोठू लागते. लढायचे असेल किंवा पळायचे असेल तर हे सारे उपयोगाचे. कुत्रा गेला की मांजर शांत होते. पण कुत्रा जातच नसेल तर? दिवसामागून दिवस रक्तदाब चढा राहिला, तर रोहिण्यांच्या आतल्या अस्तराला इजा होत राहते, आणि आधीच अरुंद झालेल्या रोहिणीत गुठळी अडकायची शक्यता वाढते. ताणाचे मोजमाप करताना तो किती चढला याइतकेच तो कधी उतरला, हेही पाहावे लागते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

१९४८ साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावी हृदयविकाराचा प्रसिद्ध दीर्घ अभ्यास सुरू झाला. ३० ते ६२ वयाच्या ५,२०९ स्त्रीपुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी व्हायची होती. त्यांत निम्म्याहून अधिक बायका होत्या. तेव्हा बायका मोजल्याच गेल्या नाहीत, ही सरसकट तक्रार बरोबर नाही. मोजल्या गेल्या, पण सुरुवातीच्या वर्षांत हाती आलेला निष्कर्ष असा की बायकांचा हृदयविकार बहुधा छातीत दुखण्यापुरताच राहतो, पुरुषांसारखा झटक्यापर्यंत जात नाही. अभ्यासातल्या बायका अजून वयाने लहान होत्या, आणि हृदयशूल म्हणून नोंदलेले प्रत्येक दुखणे रोहिण्यांचे नव्हते, हे उमगायला वेळ गेला. तोवर डॉक्टरांच्या मनात ‘बायकांचे एवढे गंभीर नसते’ ही समजूत घट्ट बसली.

याच सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोत मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन हे दोन हृदयरोगतज्ज्ञ आहाराचा अभ्यास करत होते. शहरातल्या एका महिला संघटनेच्या सभासद आणि त्यांचे नवरे काय खातात, याची त्यांनी तुलना केली. दोघांच्या ताटात सारखेच अन्न होते, तरी हृदयविकार नवऱ्यांना जास्त. तेव्हा संघटनेच्या अध्यक्षबाईंनी त्यांना सांगितले, की आमच्या नवऱ्यांना झटके येतात ते कामाच्या ताणाने. हा किस्सा फ्रीडमन यांनीच पुढे आपल्या पुस्तकात दिला आहे. त्यातून ‘ए प्रकारचे वागणे’ ही कल्पना १९५९ साली पुढे आली: सतत घाई, चढाओढ आणि चटकन येणारा राग. ही कल्पना तपासण्यासाठी जो मोठा अभ्यास झाला, त्यात ३९ ते ५९ वयाची ३,१५४ माणसे होती. सगळे पुरुष. पुढच्या अभ्यासांत ही कल्पना पुरती टिकली नाही. रागीटपणा तेवढा काही प्रमाणात टिकला. तंबाखू कंपन्यांनी या संशोधनाला वर्षानुवर्षे पैसा पुरवला होता, हेही नंतर त्यांच्याच कागदपत्रांतून उघड झाले. ताणाकडे बोट दाखवले की सिगारेटवरची नजर हटते, हा त्यातला हिशेब.

आम्हांला यातली वेगळीच गोष्ट खटकते. निरीक्षण एका बाईचे होते, ते नवऱ्यांविषयी होते, आणि त्यावरून नवऱ्यांचा अभ्यास झाला. त्या बायकांचा स्वतःचा दिवस कसा जातो, हे विचारायचे कोणाला सुचले नाही. १९६४ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात ‘हृदये आणि नवरे’ या नावाची हृदयविकारावरची पहिली महिला परिषद भरली. विषय होता नवऱ्याच्या हृदयाची काळजी पत्नीने कशी घ्यावी! बाईची जागा ठरलेली होती: ती आधार देणारी. आधार लागणारी नव्हे.

यात पहिला बदल झाला तो फ्रेमिंगहॅमच्याच नोंदींतून. सुझान हेन्स आणि मॅनिंग फाइनलीब यांनी १९८० साली ४५ ते ६४ वयाच्या ३८७ नोकरदार बायका, ३५० गृहिणी आणि ५८० पुरुष यांची आठ वर्षांची माहिती तपासून प्रसिद्ध केली. बायका नोकरी करू लागल्या की त्यांनाही पुरुषांसारखे झटके येऊ लागतील, अशी तेव्हा भीती होती. एकंदर नोकरदार बायका आणि गृहिणी यांच्यात खात्रीने सांगता येईल असा फरक निघाला नाही. पण कारकुनी करणाऱ्या बायकांत तो निघाला: गृहिणींत ५.४ टक्के, तर कारकून बायकांत १०.६ टक्के. जिला मुले आहेत, नवरा कामगार आहे, वरिष्ठ साथ देत नाही आणि राग गिळावा लागतो, तिचा धोका अधिक. म्हणजे नुसती ‘नोकरी’ हे कारण नव्हते. दोन ठिकाणचा भार, आणि दोन्हीकडे बोलायची सोय नाही, असा तो मामला होता.

आधाराचा प्रश्नही त्याच काळात आकड्यांत आला. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅलामेडा परगण्यात ६,९२८ प्रौढांचा नऊ वर्षे पाठपुरावा करून लिसा बर्कमन आणि लेनर्ड साइम यांनी १९७९ साली दाखवले, की ज्यांना नातीगोती, स्नेही, मंडळे यांचा लागाबांधा सर्वांत कमी होता, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जास्त लागाबांधा असणाऱ्यांच्या मानाने पुरुषांत २.३ पट आणि बायकांत २.८ पट होते. आरोग्याच्या आणि सिगारेट-दारूच्या सवयी हिशेबात धरूनही हा फरक पुसला गेला नाही. यातून एक सरळ उपाय सुचतो: एकट्या पडलेल्या रुग्णाला सोबत द्यावी. उपाय दिसायला सरळ आहे, निघाला मात्र अवघड.

माँट्रियल या कॅनडातल्या शहरात नॅन्सी फ्रेझर-स्मिथ यांनी तो करून पाहिला. झटका येऊन घरी गेलेल्या रुग्णाला दर महिन्याला फोन करायचा, ठराविक प्रश्न विचारायचे, आणि तो फार अस्वस्थ वाटला तर परिचारिकेने घरी जाऊन धीर द्यायचा, माहिती सांगायची. पहिला प्रयोग फक्त पुरुषांवर झाला आणि त्याचा फायदा दिसला. म्हणून दुसरा, मोठा प्रयोग केला. त्यात ९०३ पुरुष आणि ४७३ बायका होत्या. १९९७ साली त्याचे निष्कर्ष आले. पुरुषांत काहीच फरक नव्हता. बायकांत मात्र ज्यांना हा आधार दिला, त्यांच्यापैकी वर्षभरात १०.३ टक्के दगावल्या. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले, त्यांच्यापैकी ५.४ टक्के. हा फरक योगायोगाने पडलेला असण्याची शक्यता जेमतेम २० त १ होती. आधाराने बाई मेली, असे यावरून म्हणता येत नाही. पण फायदा झाला असे तर मुळीच म्हणता येत नाही, आणि संशोधकांनी ते लपवले नाही, हे त्यांचे मोठेपण.

असे का व्हावे? पुढे त्याच नोंदी पुन्हा पाहिल्यावर दिसले, की पहिल्या दोन भेटींनंतर ज्यांची अस्वस्थता कमी झाली, त्यांची पुढची वाटचाल बरी झाली. जे तसेच अस्वस्थ राहिले, त्यांची नाही. कोणी येऊन विचारपूस करते, एवढ्याने मन हलके होतेच असे नाही. आमचा एक तर्क असा: घरी पाहुणी आली की बाई उठून चहा ठेवते. परिचारिकेची भेटही तिला आणखी एक काम वाटली नसेल कशावरून? हा तर्कच आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

तर्काला काही जागा आहे ती स्टॉकहोमच्या मारियान फ्रांकेनहाउझर यांच्या कामामुळे. त्यांनी कॅनन यांचीच रसायने मोजली, पण माणसांच्या लघवीतून, आणि कामाच्या वेळेनंतरही. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात कचेरीतले पुरुष आणि बायका होते. दिवसभर दोघांचा ताण सारखाच चढलेला. संध्याकाळी पाचनंतर पुरुष व्यवस्थापकांचा उतरू लागे. बाई व्यवस्थापकांचा उतरत नसे. त्यांचे नॉरअ‍ॅड्रिनॅलिन उलट वाढे. मघाचे मांजर आठवा. घरी गेल्यावरही यांचा कुत्रा समोर होताच.

१९९१ साली अमेरिकेत बर्नाडिन हीली या हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी एक खणखणीत संपादकीय लिहिले. त्यांनी आयझॅक सिंगर यांच्या कथेतल्या येंटलची आठवण दिली. शिकता यावे म्हणून ही मुलगी पुरुषाचा वेश घेते. हृदयविकाराच्या बाईचेही तसेच होते, असे त्यांचे म्हणणे: पुरुषासारखा जोरदार झटका येऊन तिने आपला रोग सिद्ध केला, की मगच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात. त्याच वर्षी स्टॉकहोममध्ये क्रिस्तीना ऑर्थ-गोमेर यांनी झटका किंवा तीव्र हृदयशूल होऊन रुग्णालयात आलेल्या ६५ वर्षांखालच्या बायकांची नोंद करायला सुरुवात केली. तीन वर्षांत २९२ जणी झाल्या. या अभ्यासात नवे काय होते? नोकरीतल्या ताणाबरोबर घरातल्या, नवऱ्याशी असलेल्या संबंधातल्या ताणाचेही प्रश्न विचारले गेले. पाचेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००० साली उत्तर आले. नवऱ्याबरोबर किंवा जोडीदाराबरोबर राहणाऱ्या १८७ जणींत, ज्यांच्या संसारात ताण फार होता त्यांना पुन्हा हृदयविकाराचा प्रसंग येण्याचा धोका २.९ पट निघाला. नोकरीतल्या ताणाने तसा फरक पडला नाही.

पुरुषांच्या अभ्यासांतून लग्न हा आधार म्हणून मोजला जात होता: बायको आहे म्हणजे सोबत आहे. बाईच्या बाबतीत ‘लग्न झाले आहे’ या रकान्यात टिकली मारून भागत नाही, हे या आकड्याने दाखवले. डॉक्टर सांगतात, घरी जाऊन आराम करा. पुरुषाला घर ही आरामाची जागा असते. बाईचे ते कामाचे ठिकाण.

मग त्याच शहरात उपायाचा प्रयोग झाला. १९९६ ते २००० या काळात झटका आलेल्या किंवा रोहिण्यांवर शस्त्रक्रिया अथवा फुग्याचा उपचार झालेल्या २३७ बायका निवडल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन भाग केले. १२५ जणींना नेहमीचे उपचार. ११२ जणींना तेच उपचार, आणि शिवाय वर्षभरात २० बैठका. बैठकीत ४ ते ८ जणीच असत, आणि सगळ्या बायका. रोगाची माहिती, औषधे का घ्यायची, शरीर सैल सोडायचा सराव हे होतेच. पण मुख्य काम होते ते आपण दिवसभरात कुठे ताणल्या जातो याची स्वतः नोंद करायची, आणि घरात व कामावर वेगळे वागून पाहायचे, हे. या पद्धतीची मुळे फ्रीडमन यांनीच झटक्यातून वाचलेल्यांसाठी चालवलेल्या गटांपर्यंत जातात. त्या गटांत बहुतेक पुरुष होते आणि शिकवण होती घाई कमी करण्याची. स्टॉकहोममध्ये ‘नाही’ म्हणायला शिकणे, मदत मागणे, ही दुसऱ्या प्रकारची शिकवण लागली.

सरासरी सात वर्षांनी मोजणी झाली. नेहमीच्या उपचारांतल्या १२५ पैकी २५ जणी गेल्या होत्या, म्हणजे शंभरी २०. बैठकांतल्या ११२ पैकी ८, म्हणजे शंभरी ७. हे निष्कर्ष २००९ साली छापून आले. विद्यार्थ्यांना हा आकडा देताना हेही सांगावे, की सगळे मिळून मृत्यू ३३ आहेत. एवढ्या लहान संख्येत थोडा इकडचा तिकडे झाला तरी चित्र बदलते. शिवाय अमेरिकेत २,४८१ रुग्णांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात, खिन्न किंवा एकाकी रुग्णांना समुपदेशन देऊनही जगण्या-मरण्यात काडीचा फरक पडला नव्हता. तो निकाल २००३ सालचा. उलट स्वीडनमधल्याच उप्साला इथे ३६२ स्त्रीपुरुषांचे वेगवेगळे लहान गट करून वर्षभर तशाच २० बैठका घेतल्या, तेव्हा हृदयविकाराचे नवे प्रसंग ४१ टक्क्यांनी कमी आढळले. हा निकाल २०११ चा. अमेरिकेतले समुपदेशन सहा महिन्यांत आटोपले होते आणि बरेचसे एकेकट्याने झाले होते. स्वीडनमध्ये वर्षभर तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटत राहिली. आम्हांला फरक इथे असावा असे वाटते. पण तो वेगळा काढून कोणी दाखवलेला नाही.

हे वाचून आपल्याकडची हळदीकुंकवे, भिशी, भजनी मंडळे, बचत गट डोळ्यांपुढे येणे साहजिक आहे. बायकांना एकत्र बसायची सवय आपल्याकडे जुनी आहे. पण नुसते जमणे आणि स्टॉकहोमची बैठक यांत अंतर आहे. हळदीकुंकवाला बाई हसतमुख जाते. सासरचे गाऱ्हाणे तिथे निघालेच तर कुजबुजीत. आणि औषधाची गोळी रोज घेतली का, हे तिथे कोणी विचारत नाही.

भारतात या दिशेचा सर्वांत मोठा प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. २४ रुग्णालयांतल्या, झटक्यातून वाचलेल्या ३,९५९ रुग्णांपैकी निम्म्यांना योगासने, श्वसन, ध्यान आणि चर्चा असा तीन महिन्यांचा कार्यक्रम दिला. मृत्यू आणि नवे झटके यांत खात्रीचा फरक निघाला नाही. रुग्णांना स्वतःची प्रकृती अधिक बरी वाटू लागली, आणि ते पूर्वीच्या कामांकडे जास्त प्रमाणात परतले. या रुग्णांत बायका होत्या शंभरी १४. दम लागणे, थकवा, पाठीत किंवा जबड्यात दुखणे, अशी बायकांची लक्षणे घरात पित्तावर आणि वयावर ढकलली जातात. शिवाय कार्यक्रमासाठी पुन्हा पुन्हा रुग्णालयात यायचे, तर तेवढा वेळ घर कोण पाहणार? त्या १४ जणींना तिथे कोणी आणून सोडले, आणि त्या परत जाईपर्यंत स्वयंपाक कोणी केला, हे प्रश्न अशा अभ्यासाच्या अर्जात अजून नसतात.